भाऊजींचा भोंगा

गाडीतल्या बहुतेक गोष्टी मालकासाठी असतात. सीट त्याच्या पाठीला, एसी त्याच्या घामाला, वायपर आणि आरसे त्याच्या नजरेला. इंडिकेटर आणि ब्रेकलाइट तेवढे मागच्यापुढच्यांसाठी, पण ते बघायचे की नाही हे बघणाऱ्याच्या हातात राहतं. हॉर्नचं तसं नाही. दाबणारा एक, आणि ऐकायचं की नाही हे ऐकणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्यातही ज्याच्या गाडीला तो बसवलाय त्यालाच तो सगळ्यात कमी ऐकू येतो. भोंग्याची तोंडं पुढे, मध्ये इंजिन, वर काचा बंद. आपण रस्त्यावर काय सोडलंय हे त्याला कळायला गाडीतून उतरून कुणा दुसऱ्याला बटण दाबायला सांगावं लागेल, आणि असं कोण करतं!

हे सगळं डोक्यात आलं ते धाकट्या दिरांमुळे. भाऊजी भोरला असतात, कोंबडीखाद्याचा धंदा आहे. गिऱ्हाइकं घाटाखाली बरीच, त्यामुळे वरंधा घाटातून महाडला जाणं-येणं कायमचं. पांढरी बोलेरो आहे, धुळीने बहुतेक वेळा बिस्किटी. गाडीबद्दल त्यांची तक्रार एकच होती. "वहिनी, एवढी दांडगी गाडी, आणि आवाज ऐका. पिंप! त्यापेक्षा स्कूटी बरी वाजते."

वरंध्यात गाडी घातलेल्या माणसाला या तक्रारीवर हसता येत नाही. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी बराच वेळ सोबत करतं, तोवर सगळं रमणीय. मग रस्ता कड्याला चिकटतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि पुढचं वळण जिथे संपतं तिथून काय येतंय ते दिसायला मार्ग नाही. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट जड वाहनांना, कधीकधी सगळ्यांनाच, बंद करतात. उघडा असतो तेव्हा एसटी, डंपर, शिवथरघळीला निघालेल्या ट्रॅव्हल्स सगळे त्याच अरुंद पट्टीवर. घाटांत वळणावर 'हॉर्न वाजवा' अशी पाटी असते. सरकारने स्वतः आवाज करायला सांगितलंय अशा जागा आपल्याकडे फार नाहीत. तेव्हा भाऊजींना मोठा हॉर्न हवा होता तो शायनिंग मारायला असं मी म्हणणार नाही. थोडं शायनिंग होतंच, पण घाटही खरा होता.

हवा होता तो ट्रकसारखा. ट्रकचा आवाज असा छातीत बसणारा का, याचं कारण ब्रेकमध्ये आहे हे पुष्कळांना माहीत नसतं. ट्रक-बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यासाठी इंजिनावर कंप्रेसर असतो, टाक्या असतात, सात-आठ बारच्या आसपास दाब कायम तयार. त्या हवेला एक फाटा काढून भोंग्याकडे नेला की झालं. ड्रायव्हर बटण दाबतो, झडप उघडते, हवा पातळ पडद्यावर आदळते, पडदा थरथरतो आणि पुढचं नळकांडं तो थरथराट मोठा करून बाहेर फेकतं. नळकांडं लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर चिरका. म्हणजे ट्रकला हा आवाज आयताच मिळतो. बोलेरोचे ब्रेक तेलावर चालतात. तिच्या पोटात हवा नाही. तिला ट्रकसारखं बोलायचं असेल तर हवा बाहेरून आणून द्यायला हवी. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये म्हणूनच मुठीएवढा बारा व्होल्टचा कंप्रेसर असतो, दोन लाल प्लॅस्टिकचे भोंगे, हातभर पारदर्शक पाइप आणि एक रिले. बटण दाबल्यावर कंप्रेसर आधी फिरायला लागतो, मग हवा, मग आवाज. ट्रकची हवा तयार असते, याची ऐन वेळी भरायची. मध्ये क्षणभर जातो. ज्या कामासाठी भोंगा घ्यायचा त्या कामात हा क्षण स्वस्त नाही, पण खोक्यावर त्याबद्दल अवाक्षर नसतं.

खोक्यावर होतं ते दुसरंच. "वहिनी, तुम्ही फिजिक्सच्या. सांगा, दीडशे डेसिबल म्हणजे नक्की किती?" भाऊजींनी खोक्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून विचारलं. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. घरात याचा उपयोग इन्व्हर्टरची बॅटरी किती तास चालेल आणि मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचं भांडं का चालत नाही एवढ्यापुरता होतो. म्हटलं, चला.

दीडशे म्हणजे जेट विमान उड्डाण घेताना त्याच्या इंजिनापासून पंचवीसेक मीटरवर उभं राहणं. माणसाचा कान एकशेतीसच्या आसपास दुखायला लागतो. डेसिबल ही मोजपट्टी फुटपट्टीसारखी सरळ चालत नाही. दहा वाढले की आवाजाची ताकद दहापट होते आणि कानाला साधारण दुप्पट वाटतं. गाडीच्या हॉर्नला मानकात वरची मर्यादा ११२ डेसिबल आहे. ११२ वरून १५० वर जायचं तर ताकद सहा हजार पटींहून जास्त लागेल. ती त्या मुठीएवढ्या कंप्रेसरमधून निघणार नाही हे सांगायला प्रयोगशाळा नको. मग आकडा खोटा? तसंही म्हणता येत नाही, कारण खोक्यावर अंतरच छापलेलं नव्हतं. आवाजाचा आकडा अंतराशिवाय सांगणं म्हणजे पत्ता न सांगता घराचं भाडं सांगणं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. सात मीटरवर ११२ भरणारा हॉर्न एका मीटरवर १२९ च्या आसपास भरतो, आणि माईक भोंग्याच्या तोंडात कोंबला तर आणखी वर. कायद्याने मोजायचं ते गाडीसमोर सात मीटरवर, आणि तिथे आवाज ९३ ते ११२ च्या मध्ये बसायला हवा. हे सगळं मी भाऊजींना लांबलचक टाइप करून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "म्हणजे घ्यायचा ना?"

घेतला. पुण्यात नाना पेठेत, जिथे गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळतो आणि न मिळणारा संध्याकाळपर्यंत मागवून देतात. मलाही बरोबर नेलं, फसवणूक होऊ नये म्हणून. फिटर विशीतला मुलगा होता, कपाळावर ग्रीसचा पट्टा, खिशात टेस्टर. बोलेरो फुटपाथला लावून त्याने आधी बॉनेट उघडलं, मग पुढची जाळी. क्लिपा काढताना त्या तुटू नयेत म्हणून तो प्रत्येक क्लिपेशी अंगठ्याने जरा खेळायचा आणि मग एका बारीक झटक्यात उपसायचा. जाळीमागे कंपनीचा हॉर्न दिसला. काळी चपटी थाळी, एक. एवढ्या मोठ्या तोंडात एवढीशी. भाऊजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, सांगत होतो ना?"

मला बघायचं होतं ते वायरिंग. बरेचजण हॉर्नचीच मूळ वायर नव्या कंप्रेसरला जोडून मोकळे होतात आणि मग फ्यूज का उडतो म्हणून डोकं धरून बसतात. थाळीचा हॉर्न चार-पाच अँपिअर खातो, कंप्रेसर पंधरा-वीस. स्टिअरिंगच्या बटणातून तेवढा करंट नेला तर बटणातले पत्रे जळतील. म्हणून रिले लागतो. बटणाने फक्त रिलेला इशारा द्यायचा, मोठा करंट रिलेने बॅटरीकडून परस्पर आणायचा. या मुलाने रिले उलटा धरून मला पायांवरचे आकडे दाखवले. "मॅडम, तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला कंप्रेसर, पंच्याऐंशी अर्थिंग, शहाऐंशीला जुन्या हॉर्नची वायर." माझ्या बारावीच्या मुलांना विद्युतचुंबकाचा व्यवहारातला उपयोग लिहायला सांगितला की ती 'क्रेन' आणि 'विजेची घंटा' लिहून मोकळी होतात. हा मुलगा ते बोटांनी करत होता. बॅटरीपासून वीतभरावर त्याने फ्यूज टाकला. वायर पुढे कुठेही सोलली आणि पत्र्याला लागली तर आधी हा उडेल आणि गाडी वाचेल. नुसत्या टेपवर भागवलं असतं तरी भाऊजींना कळलं नसतं. त्याने वायरच्या जोडांवर नळी चढवली, लायटरने गरम करून आवळली, वायर मूळ वायरिंगच्या जुडग्यासोबत बांधली आणि रेडिएटरच्या पंख्यापासून लांब नेली. कंप्रेसर उभाच बसवायचा, आडवा चालत नाही. भोंग्यांची तोंडं जरा खाली झुकलेली ठेवायची, नाहीतर पावसाचं पाणी साठतं. पाइप जितका आखूड तितका आवाज लवकर येतो. हे सगळं तो काम करता करता आपल्याशीच बोलल्यासारखं सांगत होता. मला तो मुलगा फार आवडला. काम चुकीचं की बरोबर हा मुद्दा वेगळा, पण काम इतक्या निगुतीने होताना बघायला मिळणं दुर्मीळ झालंय.

मग ट्रायल. भाऊजी आत बसले, काच वर. मी फुटपाथवर.

आवाजाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप उघडून ठेवलं होतं. मोबाईलचा माईक बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेला असतो, अशा धक्क्यापुढे तो हात टेकतो. आकडा वर गेला आणि एका जागी अडकून बसला. पण आजूबाजूला जे दिसलं ते ॲपपेक्षा नेमकं होतं. ॲक्टिव्हावरची बाई पाय टेकून थांबली आणि तिच्यामागे उभी राहिलेली मुलगी दोन्ही हातांनी तिच्या कमरेला बिलगली. हातगाडीवर पेरू कापणाऱ्याची सुरी थबकली. दुकानाच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांनी कानातलं यंत्र काढलं, तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिलं, बिघडलं की काय म्हणून. आणि बोलेरोच्या बरोब्बर पुढे एक मोटार रस्ता अडवून उभी होती. काचा बंद, एसी चालू, आतला माणूस फोनवर. त्याने मान वळवली नाही. भाऊजींनी खुशीत दुसऱ्यांदा वाजवला, तेव्हा तो आरशात पाहून सावकाश पुढे सरकला.

तिथे उभ्या उभ्या मला या भोंग्याचा सगळा हिशेब दिसला. ज्याला सांगायचं तो काचेआड. गाडीच्या बंद काचा आणि दारं बाहेरच्या आवाजातले वीस-तीस डेसिबल सहज खातात. शिवाय आत गाणी, पंख्याची घरघर. त्याच्यापर्यंत पोचायचं तर तेवढे डेसिबल जास्तीचे लागतात, आणि ते जास्तीचे सगळे रस्त्यावर जे उघड्यावर आहेत त्यांच्या कानात जातात. चालणारे, दुचाकीवाले, रिक्षावाले, पेरूवाला, चौकातला हवालदार. मोटार कंपन्या दरवर्षी केबिन आणखी शांत केल्याची जाहिरात करतात. केबिन शांत झाली की बाहेरच्याला आत पोचायला आणखी मोठा हॉर्न लागतो. मोठे हॉर्न वाढले की माणूस आणखी शांत केबिन शोधतो. या दोघांच्या चढाओढीत काच नसलेला माणूस कुठेच धरलेला नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलमध्ये आठ तासांपेक्षा जास्त राहू नये असं कानांचे जाणकार सांगतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी करतात. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. चौकातल्या हवालदाराची पाळी किती तासांची असते?

त्या आजोबांच्या यंत्रावरून एक गोष्ट आठवली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारींसाठी 'क्लॅक्सन' नावाचा विजेवरचा हॉर्न आला, १९०८ च्या सुमारास. जुन्या मोटारींचा तो 'आऽहूऽगा' आवाज, तो हाच. तो तयार करणारा मिलर रीस हचिसन हा त्याआधी विजेवर चालणारं श्रवणयंत्र बनवल्याबद्दल नावाजलेला होता. ऐकू न येणाऱ्यांसाठी यंत्र बनवणाऱ्यानेच पुढे हा भोंगा काढला. लोक थट्टा करायचे की श्रवणयंत्रांचा खप वाढावा म्हणून याने हॉर्न काढला. विनोद जुना आहे, पण नाना पेठेतल्या त्या बाकासमोर मला तो फारसा विनोदी वाटला नाही.

कायदा काय म्हणतो हे मी भाऊजींना परतीच्या वाटेवर सांगितलं, त्यांनी न विचारता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम हॉर्नचाच आहे. एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न चालत नाही, आणि कर्कश, चिरका, अति मोठा किंवा दचकवणारा आवाज करणारं कुठलंही साधन चालत नाही. सूट रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस अशांना. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ फ हे कलम आलं. विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला, किंवा मनाई असलेल्या जागी वाजवला तर पहिल्यांदा १,००० रुपये, पुन्हा सापडलात तर २,०००. इस्पितळं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न बंद. भाऊजी म्हणाले, "वहिनी, नियम सगळे पुण्याचे सांगताय. घाट कुठाय त्यात?"

वरवर तो वात्रटपणा होता, पण त्यात तथ्य आहे. आपल्याकडे हॉर्नबद्दल जे काही झालं ते शहरातल्या सिग्नलपुढे उभं राहून झालं. मुंबई पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत सिग्नलला आवाज मोजायची यंत्रं जोडून एक प्रयोग दाखवला. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. वाजवा आणखी, थांबा आणखी. त्याचा व्हिडिओ घराघरात फिरला, लोक पोट धरून हसले. त्याआधी २०१५ मध्ये महाराष्ट्रात ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला मनाई झाली, कारण त्या ओळीमुळे लोक उगाच वाजवतात. मला ती ओळ पुसली गेल्याचं थोडं वाईट वाटलं. गावाकडच्या एकपदरी रस्त्यावर तिला अर्थ होता, पुढच्या ट्रकवाल्याला मागचा दिसत नसतो. २०२१ मध्ये नितीन गडकरी नाशिकला म्हणाले होते की हॉर्नमध्ये बासरी, तबला, पेटी असे भारतीय वाद्यांचे आवाज असावेत, तसा कायदा आणायचा विचार आहे. त्यावरही खूप विनोद झाले. माझ्या मते त्यातली अडचण विनोदाची नाही, साधी आहे. गाडी अंगावर येतेय हे सांगणारा आवाज कानाला गोड लागला तर माणूस बाजूला व्हायच्या ऐवजी ऐकत थांबेल. आणि चौकात चाळीस गाड्यांच्या चाळीस पेट्या एका वेळी वाजल्या तर काय, त्याची कल्पनाच करवत नाही.

या सगळ्यात एक निकाल मला महत्त्वाचा वाटतो. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर निकाल दिला, रात्री निवासी भागात हॉर्न नको ही गोष्ट त्यातही आहे. तो खटला सुरू झाला तो एका घटनेवरून. तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, ती मदतीसाठी ओरडत होती, पण शेजारी लाउडस्पीकरवर गाणी चालू होती आणि तिचा आवाज कुणापर्यंत पोचला नाही. गोंगाटाने कान बिघडतात, झोप उडते, रक्तदाब वाढतो, हे आपण पाठ केलेलं आहे. मोठा आवाज दुसऱ्याचा आवाज गिळतो हे क्वचित कुणी मांडतं. त्या निकालाच्या मुळाशी ते आहे.

घाटात नेमकं तेच समोर आलं. दिवाळीनंतर भाऊजींबरोबर आम्ही दोघं महाडला निघालो होतो, एका साखरपुड्याला. नवरा पुढे, मी मागे, मागे सामानात आंब्याच्या वड्यांचे डबे. भाऊजी प्रत्येक वळणाआधी भोंगा द्यायचे, लांब, आणि मग लगेच पुन्हा. कातळावर आपटून आवाज परत यायचा, दरीपलीकडच्या डोंगरावरून आणखी एकदा यायचा. तीन-चार आवाज एकात एक मिसळायचे. आपलाच आवाज समोरून आल्यासारखा वाटायचा. एसी लावलेला, काचा बंद. वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला थांबलो तेव्हा माकडांवर त्यांनी एकदा प्रयोग केला. माकडं हलली नाहीत. एकाने फक्त मान वर करून बोलेरोकडे तुच्छतेने पाहिलं.

उतार लागल्यावर एका वळणावर एसटी समोर आली. अचानक, पण सावकाश. चढावर ती सावकाशच असते. दोघांचे ब्रेक वेळेवर लागले, मध्ये बसेल एवढीच जागा उरली. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम, पुस्तकातलाही आणि ड्रायव्हरांमधलाही. भाऊजींनी गाडी रिव्हर्स टाकली, जरा रुंद जागा आली तिथे कड्याला लावली. एसटी शेजारून सरकताना ड्रायव्हरने थांबवली. खिडकी त्याची उघडीच होती, कोपर बाहेर. पन्नाशीचा माणूस, खाकी शर्टाचं वरचं बटण उघडं. भाऊजींना वाटलं शिव्या येणार, त्यांनी काच खाली केली.

"साहेब, तुमचा ऐकला हो. लांबनंच ऐकला," तो म्हणाला. "माझा ऐकलात का?"

त्याने वाजवला होता. आमच्या गाडीत कुणालाच ऐकू आला नव्हता. तो गेल्यावर मी काच खाली केली आणि पुढच्या वळणापासून भाऊजींनाही करायला लावली. एसी बंद. तेव्हा लक्षात आलं की जुने ड्रायव्हर घाटात काय करतात. एकदाच वाजवायचा, लांब नाही, आणि मग गप्प राहायचं. रेडिओ बंद, गप्पा बंद, कान वळणाच्या पलीकडे. उत्तर आलं तर थांबायचं, नाही आलं तर हळूच नाक पुढे काढायचं. रात्री तर हॉर्नची गरजही कमी, डिपर मारला की उजेड वळणापलीकडच्या कातळावर पडतो आणि समोरच्याला आधीच कळतं. यात १५० डेसिबलचं काहीच काम नाही. समोरचा काच उघडी ठेवून ऐकत असतो, त्याला कंपनीची थाळीही ऐकू जाते.

यात थोडं भौतिकशास्त्र आहे, तेही सांगते, कारण नवऱ्याने आणि भाऊजींनी ते घाट संपेपर्यंत सहन केलं. आवाजाची लहर जितकी लांब तितकी ती अडथळ्याभोवती जास्त वळते. ४०० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ८५ सेंटिमीटरची, २,००० हर्ट्झची १७ सेंटिमीटरची. चिरका सूर सरळ जातो, कातळावर आपटतो आणि परत फिरतो. खर्जातला वळणाला वळसा घालून जरा जास्त पलीकडे पोचतो. घाटातल्या माणसाला आवाज वाढवण्यापेक्षा सूर उतरवण्याचा फायदा जास्त. मंजूर मर्यादेत बसणारे, गोगलगायीच्या आकाराचे, लो टोनचे हॉर्न दुकानात मिळतात. त्यांना कंप्रेसर लागत नाही, बटण दाबताक्षणी बोलतात आणि पोलिसाने बॉनेट उघडायला लावलं तरी धडधड होत नाही. शहरातल्या काचेआडच्या माणसाचं काय करायचं, याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, त्याला हॉर्नने उत्तर मिळेल असंही दिसत नाही. तो फोन ठेवेल तेव्हाच.

भाऊजींनी आधी मधला मार्ग काढला. डॅशबोर्डवर एक स्विच बसवून घेतला, एकीकडे कंपनीचा हॉर्न, दुसरीकडे भोंगा. अशी सोय पुष्कळजण करतात, गावात हा आणि हायवेला तो. नियम स्विच बघून बदलत नाही हे मी सांगितलं, त्यांनी हो म्हटलं आणि स्विच ठेवला. निकाल लावला तो पावसाने. वरंध्याकडचा पाऊस कुठल्या खोक्यावरच्या आकड्याला जुमानत नाही. जाळीमागे चिखल जाऊन बसला, कंप्रेसरमध्ये ओल गेली, गंज धरला. गणपतीच्या आसपास बटण दाबलं की आधी नुसतीच घरघर यायची, मग एका भोंग्यातून घसा बसल्यासारखा आवाज, दुसरा गप्प. नाना पेठेतल्या त्याच मुलाकडे गेलो. त्याने कंप्रेसर उघडून बोट फिरवलं, तांबडं बोट दाखवलं. "मालक, नवीन टाका, नाहीतर लो टोनची जोडी घ्या. कोकणात खाली-वर असता तर जोडीच घ्या."

जोडी घेतली. वायरिंग, रिले, फ्यूज सगळं तेच राहिलं, इतकं नीट केलेलं होतं. काढलेले लाल भोंगे भाऊजींनी टाकू दिले नाहीत, नवा कंप्रेसर घेऊन त्यांना जोडला आणि सगळं एका पिशवीत घालून विकायला काढलं. भोरमध्ये टेम्पोवाले गिऱ्हाईक येतात. पण अशी वस्तू वाजवून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही, आणि अंगणात बॅटरीला जोडून वाजवायला सासूबाईंची सक्त मनाई आहे.